नवे सेल टाकले तरी कॅमेरा बंद पडतोय? आधी स्वयंपाकघरातल्या घड्याळाकडे बघा

प्रॉब्लेम आधी सांगते, म्हणजे तुमचं आणि आमचं दुखणं एकच आहे का ते कळेल. बाबांकडे एक जुना सुपरझूम कॅमेरा आहे, चार पेन्सिल सेलवाला, आणि तो दोन वर्षं एकच नाटक करायचा. दुकानातून नवे चार सेल आणायचे, टाकायचे, कॅमेरा चालू होणार, बॅटरीचं चिन्ह फुल्ल, बाबा खूश. पंधरा-वीस फोटो झाले की बॅटरी संपल्याचा मेसेज आणि लेन्स अर्धी बाहेर राहून ठप्प. पाच मिनिटं तसाच ठेवला की परत चालू, अजून दोन फोटो, परत ठप्प. दरवेळी हेच, आणि दरवेळी आम्ही म्हणणार की सेल जुन्या स्टॉकमधले निघाले बहुतेक, दुसऱ्या दुकानातून आणू.

आम्ही ऐरोलीला राहतो. बाबा रिटायर झाल्यापासून त्यांना खाडीवरच्या फ्लेमिंगोंचं वेड लागलंय, हिवाळा सुरू झाला की मे संपेपर्यंत घरात दुसरा विषय नसतो. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली झालं, २०२२ ला ते महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीतही गेलं, पण बाबांच्या अल्बममध्ये फ्लेमिंगो काही जायला तयार नव्हते. इथल्या जैवविविधता केंद्राची बोट भरतीच्या हिशोबाने सुटते, त्यामुळे वेळ आपल्या हातात नसते, आणि बोट पक्ष्यांच्या जवळ जाऊन इंजिन मंद करते ती मोजकी मिनिटंच खरी कामाची. एका फेब्रुवारीत नेमकं तेव्हाच बाबांनी झूम पूर्ण ताणला, समोर सगळा गुलाबी पट्टा, आणि कॅमेरा गेला. बाबा काही बोलले नाहीत, फक्त सेल काढून हातात चोळून परत टाकले. मला ते बघवेना, म्हटलं आता याचा छडा लावायचाच.

छडा लागला तो घरातच. आईला काही फेकवत नाही, त्यामुळे कॅमेऱ्याने बाद केलेले सेल ती स्वयंपाकघरातल्या घड्याळात आणि टीव्हीच्या रिमोटमध्ये टाकते. घड्याळातला तसा एक "संपलेला" सेल आठ महिने चालत होता. म्हणजे सेल संपलाच नव्हता! मग कॅमेरा खोटं बोलतोय का, तर तोही नाही. दोघं आपापल्या जागी बरोबर आहेत आणि सगळी गंमत तिथेच आहे.

सेलमध्ये एकूण किती वीज भरलीय हा एक प्रश्न, आणि तो एका दमात किती देऊ शकतो हा दुसरा. भिंतीवरच्या घड्याळाला लागतो तो करंट कॅमेऱ्याच्या मागणीच्या हजारात एक हिस्साही नसतो, तो बिचारा एकेक घोट घेत बसतो. कॅमेऱ्याला मात्र लेन्सची मोटर फिरवायची, फोकस करायचा, स्क्रीन लावायची, वर फ्लॅश चार्ज करायचा, आणि हे सगळं एकदम. साध्या सेलचा आतला रेझिस्टन्स, म्हणजे वीज बाहेर पडायला होणारा अडथळा, जास्त असतो, त्यामुळे असा अचानक ओढा बसला की त्याचं व्होल्टेज खाली बसतं. कॅमेरा आत डोकावून किती शिल्लक आहे ते बघत नाही, त्याला फक्त व्होल्टेज दिसतं, ते ठरलेल्या आकड्याच्या खाली गेलं की त्याच्या लेखी बॅटरी संपली. पाच मिनिटं ठेवला की सेल दम खाऊन परत वर येतो म्हणून परत चालू होतो. धाप लागलेला माणूस जिन्यात थांबून अजून अर्धा मजला चढतो तसं. हातात चोळून सेल चालतात असं सगळ्यांना वाटतं ना, त्याचं बरंचसं श्रेय त्या चोळायला लागलेल्या वेळाला आहे, थोडंफार उबेला.

आता दुकानात पेन्सिल सेल म्हणून काय काय मिळतं ते बघा, कारण आकार सगळ्यांचा तोच, डबल ए, आणि फसायला होतं ते इथेच.

सगळ्यात स्वस्त ते साधे झिंक-कार्बनचे. यांच्यावर बरेचदा मोठ्या अक्षरात "हेवी ड्यूटी" छापलेलं असतं, जे वाचून मला आता हसू येतं, कारण या सगळ्यात कमी वजन उचलणारे तेच. घड्याळ, रिमोट ठीक, कॅमेऱ्यात टाकूच नका, आमचे पंधरा फोटो यांच्याच कृपेने. मग अल्कलाइन, महाग असतात आणि जरा बरे चालतात, पण धाप यांनाही लागतेच. अल्कलाइनची अडीच हजारांच्या आसपासची एमएएच (सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप) सांगतात ती हळूहळू वापरल्यावरची, कॅमेऱ्यासारखं ओरबाडून घेतलं तर निम्मीसुद्धा हाती लागत नाही. प्रवासात अडचण आली, दुकानात दुसरं काही नाही, तर अल्कलाइन घ्यायला हरकत नाही, रोजचं काम त्यांच्यावर नको.

रोजच्यासाठी निकेल मेटल हायड्राइड म्हणजे एनआयएमएच रिचार्जेबल. यावर १.२ व्होल्ट लिहिलेलं असतं आणि तिथेच लोक मागे हटतात. बाबाही म्हणाले, "अगं, दीड व्होल्टचा कॅमेरा १.२ वर कसा चालेल?" बरोबर शंका आहे. पण अल्कलाइनचे १.५ हे नव्या, आरामात बसलेल्या सेलचे, काम सुरू झालं की ते घसरतच जातं. एनआयएमएच १.२ च्या आसपास शेवटपर्यंत टिकून राहतो आणि ओढा बसला तरी फारसा पडत नाही, कारण आतला रेझिस्टन्स कमी. कागदावर दुबळा, कामाला दणकट.

त्यातही दोन जाती आहेत. जुने एनआयएमएच कपाटात पडल्या पडल्या उतरायचे, महिन्या-दोन महिन्यांनी काढले तर अर्धमेले. २००५ ला सान्योने एनेलूप आणले आणि हा त्रास गेला, ते चार्ज करून ठेवले की महिनोन्महिने टिकतात, आता पॅनासॉनिकच्या नावाने मिळतात. इतर कंपन्यांचेही असे "लो सेल्फ डिस्चार्ज" किंवा "रेडी टू यूज" लिहिलेले येतात, तेच घ्या. आकड्याच्या मागे लागू नका. पांढऱ्या एनेलूपवर २०००च्या आसपास असते, काळ्या प्रोवर २५००, पण काळे कमी वेळा चार्ज होतात. आणि ३३००, ४००० एमएएच लिहिलेले स्वस्तातले पेन्सिल सेल दिसले तर सरळ पुढे चालू लागा, त्या आकारात एवढं मावतच नाही.

एकदाच वापरायचे लिथियमचे डबल ए पण येतात, १.५ व्होल्टचे. वजनाला अल्कलाइनपेक्षा बरेच हलके, थंडीत भारी, वर्षानुवर्षं टिकतात, फक्त किंमत ऐकून घाम फुटतो. लडाख-स्पितीला जाणार असाल तर एक सेट बॅगेत टाका, ऐरोलीत गरज नाही.

एक सावधगिरीची गोष्ट, ही नीट वाचा. १४५०० नावाचा लिथियम आयन सेल मिळतो, दिसायला हुबेहूब पेन्सिल सेल, पण तो ३.७ व्होल्टचा. असे चार टाकले तर सहाच्या जागी जवळजवळ पंधरा व्होल्ट जातील आणि कॅमेरा जळेल. ऑनलाइन घेताना सेलवर किती व्होल्ट छापलंय ते बघूनच घ्या. हल्ली यूएसबीने चार्ज होणारे १.५ व्होल्टचे लिथियम पेन्सिल सेल पण आलेत, ते वेगळे, त्यांच्या आत व्होल्टेज कमी करायचं छोटं सर्किट असतं. चालतात, पण शेवटपर्यंत १.५ दाखवत राहतात आणि मग एकदम शून्य, त्यामुळे कॅमेऱ्याचं बॅटरीचिन्ह फुल्ल दाखवता दाखवता बंद. बोटीवर हे मला नको.

तर आम्ही चांगले चार एनआयएमएच घेतले, आणि पहिल्या दिवशी परत तेच! चाळीसेक फोटोंत लाल चिन्ह. मी कपाळाला हात लावला. मग मेन्यू चाळताना सेटअपमध्ये "बॅटरी टाइप" सापडलं, त्यात अल्कलाइन, एनआयएमएच, लिथियम असे पर्याय, आणि आमचं पहिल्या दिवसापासून अल्कलाइनवर. १.२ बघून कॅमेऱ्याला वाटत होतं अल्कलाइन उतरलाय. सेटिंग बदललं आणि त्याच चार सेलवर अडीचशेच्या वर फोटो निघाले, फ्लॅश बंद ठेवून. पेन्सिल सेलवाल्या बऱ्याच कॅमेऱ्यांत हे सेटिंग असतं, कुणी बघत नाही, सेलचा प्रकार बदलला की ते पण बदला.

वर्षभर मजेत गेलं आणि मग हळूहळू फोटो कमी व्हायला लागले, दीडशे, ऐंशी, तीस. इथे बहुतेक लोक चारही सेल फेकून नवा सेट आणतात. आम्ही सोसायटीच्या वायरमनकडून मल्टिमीटर मागून आणला. करायचं एवढंच: कॅमेरा बॅटरी संपली म्हणून बंद पडला की लगेच, दम खायला वेळ न देता, चारही सेल काढायचे आणि डायनिंग टेबलवर ओळीत ठेवून डीसी व्होल्टवर एकेक मोजायचा. आमचे आकडे होते १.२३, १.२२, १.२३ आणि ०.९६. म्हणजे तीन सेल ठणठणीत होते आणि एकटा चौथा सगळ्यांना घेऊन बुडत होता. चार सेल एकामागे एक जोडलेले असतात ना, सगळ्यात अशक्त तो आधी रिकामा होतो, आणि बाकीचे तिघं त्याच्यातून करंट ढकलत राहिले तर तो उलटा चार्ज व्हायला लागतो, मग तो कायमचा जातो.

तो अशक्त का झाला, तर चार्जरमुळे. आमचा चार्जर ऑफरमध्ये फुकट आलेला, दोन दिवेवाला, जोडीजोडीने चार्ज करणारा, वर टायमरचा. जोडीतला एक थोडा भरलेला असेल आणि दुसरा रिकामा तर एक जास्त शिजणार, दुसरा कच्चा राहणार, असं वर्षभर चाललं की फरक वाढतच जातो. चार सेलला चार वेगळे दिवे असलेला, म्हणजे प्रत्येक सेलवर स्वतंत्र लक्ष ठेवणारा चार्जर घ्या. खोक्यावर लिहिलेलं असतं, नसेल तर साधी परीक्षा: एकच सेल टाकून चार्ज होतो का बघा, नाही झाला तर तो जोडीवाला. सेलच्या पैशात काटकसर केली तर एक वेळ चालेल, चार्जरमध्ये नको.

आता बाबांच्या प्रत्येक सेलवर आईच्या नेलपॉलिशचा ठिपका आहे, लाल ठिपक्याचे चार एकत्र, मरून ठिपक्याचे चार एकत्र, सेट फोडायचा नाही, नव्यात जुना मिसळायचा नाही, एनआयएमएचसोबत अल्कलाइन तर अजिबात नाही. रिमोटला सेल हवा म्हणून कुणी लाल ठिपक्यातला एक उचलला तर घरात चौकशी बसते.

तुमचे सेल मोजून सगळे ठीक आले आणि तरी कॅमेरा बंद पडतोय, तर पत्र्या बघा. सेलच्या खणातल्या स्प्रिंग आणि पट्ट्या, झाकणाच्या आतली पट्टी विसरू नका, चार सेलवाल्यात दोन सेलना जोडणारी एक पट्टी तिथेच असते आणि झाकणाचा खटका सैल झाला की तिचा दाब जातो. कॅमेरा हातात धरल्यावर चालतो आणि ट्रायपॉडवर लावला की बंद, किंवा झाकण अंगठ्याने दाबून धरलं की चालतो, असं असेल तर तुमचा आजार हाच. आपल्याकडे जून ते सप्टेंबर कपाटात बुटांना बुरशी येते तिथे पत्र्यांचं काय होणार. कोरड्या इअरबडला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा, काळपट थर जात नसेल तर पेन्सिलीचा खोडरबर हलका फिरवा, त्याचा भुगा आत सोडू नका. सेलची टोकं पण पुसा, हाताचा घाम लागलेला असतो.

पांढरट-हिरवट पूड दिसली तर अल्कलाइन सेल आत गळलाय. आमचा गळलाय एकदा, पावसाळ्यात कॅमेरा सेलसकट ठेवून दिला होता, दिवाळीला उघडला तर झाकणच निघेना. त्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं, म्हणजे अल्कली, म्हणून त्याला थोडं आम्ल लागतं: इअरबड व्हिनेगरमध्ये बुडवून, निथळून, फक्त पुडीवर टेकवायचा, थोडं फसफसतं, मग अल्कोहोलने पुसायचं आणि एक दिवस उघडं वाळवायचं. लिंबाच्या रसानेही होतं पण मग चिकटपणा राहतो. हातमोजे घाला आणि तो हात डोळ्यांना लावू नका. आणि महिनाभर कॅमेरा वापरणार नसाल तर सेल बाहेर, एवढी सवय लावली तर हा पॅराग्राफ वाचायची वेळ येणार नाही.

आता माझं. माझ्याकडे कॅननचा १५००डी आहे, त्याला एलपी-ई१० बॅटरी लागते, ७.४ व्होल्ट, ८६० एमएएच. कंपनी एका चार्जवर साधारण ५०० फोटो सांगते ते व्ह्यूफाइंडरमधून, म्हणजे वरच्या खिडकीला डोळा लावून, बघून काढलेले, मागच्या स्क्रीनवर बघून काढाल तर निम्म्याहून कमी. बॅटरी पुरत नाही म्हणणाऱ्यांपैकी अर्धे लोक दिवसभर लाइव्ह व्ह्यू, म्हणजे तीच मागची स्क्रीन, चालू ठेवून फिरत असतात, त्यांनी आधी डोळा लावायला शिकावं, बॅटरी नंतर घ्यावी. वायफाय चालू राहिलंय का ते पण बघा. काही कॅमेरे बंद केल्यावरही मोबाईलला ब्लूटूथने फोटो पाठवत बसतात, निकॉनच्या स्नॅपब्रिजवाल्या (मोबाईलशी जोडायची त्यांची सोय) कॅमेऱ्यांत "सेंड व्हाइल ऑफ" असं सेटिंग असतं, रात्री फुल्ल ठेवलेली बॅटरी सकाळी उतरलेली दिसली तर ते बंद करून बघा.

माझी चूक वेगळी होती. ठाण्याच्या गुढीपाडव्याच्या शोभायात्रेसाठी जादा बॅटरी हवी म्हणून मी आदल्या आठवड्यात स्वस्तातली डुप्लिकेट घेतली, वर छापलेलं १५०० एमएएच. म्हटलं वा, ओरिजिनलच्या जवळजवळ दुप्पट आणि किंमत पाव. पाडव्याला पहाटे पहिली ऐरोली-ठाणे लोकल पकडून कौपिनेश्वर मंदिरापाशी पोचले, ओरिजिनलवर पहिला दीड तास निघाला, राम मारुती रोडला ढोल सुरू झाले, नऊवारीतल्या बुलेटवाल्या बायका वळणावर आल्या तेव्हा डुप्लिकेट टाकली. तीन दांड्या दाखवत होती. पंचवीस-तीस फोटो असतील, तीन दांड्यांवरून थेट शून्य, मधे दोन नाही, एक नाही. बाकी शोभायात्रा मोबाईलवर.

घरी येऊन दोन्ही बॅटऱ्या आईच्या किचनच्या वजनकाट्यावर ठेवल्या. आकार तोच, डुप्लिकेट ८ ग्रॅमने हलकी. लिथियम बॅटरीत वीज वजनाशिवाय येत नाही, त्याच आकारात दुप्पट एमएएच आणि वर वजन कमी, हे गणित जमूच शकत नाही. तेव्हापासून बॅटरी घेताना मी हेच बघते: ओरिजिनलच्या आकड्याच्या थोडं इकडे-तिकडे लिहिलं असेल तर माणूस निदान शुद्धीवर आहे, पावणेदोनपट लिहिलं असेल तर बाकीचंही खोटंच समजा. लिथियम बॅटरीवर आपल्याकडे बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचं, रजिस्ट्रेशन लागतं, आयएस १६०४६ आणि आर अक्षराने सुरू होणारा नंबर छापलेला हवा. नकली माल तेही छापतो म्हणा, पण ज्यावर छापायचीही तसदी घेतलेली नाही तो तर घेऊच नका.

सगळ्या बाहेरच्या कंपन्यांच्या बॅटऱ्या वाईट असं माझं म्हणणं नाही, नाव असलेल्या कंपनीची, बिल आणि वॉरंटी देणारी मी स्वतः वापरते. फक्त दोन गोष्टी माहीत असू द्या. एक, चार्जाचा अंदाज त्यांच्यात बरेचदा चुकतो, त्यामुळे दांड्यांवर विसंबू नका. दोन, कॅमेऱ्याचं फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, अपडेट केलं की काही वेळा बाहेरची बॅटरी ओळखणंच बंद होतं, निकॉनच्या ईएन-ईएल१४ वापरणाऱ्या कॅमेऱ्यांत पूर्वी झालंय असं. लग्नाच्या आदल्या रात्री अपडेट मारू नका.

ती डुप्लिकेट पुढे फुगली. गादीखाली काही टोचावं तसं झाकण बंद करताना लागायला लागलं, काढायला गेले तर खटका सोडूनही बाहेर येईना. अशा वेळी स्क्रूड्रायव्हर घालू नका, लिथियम बॅटरीला भोक पडलं तर आग लागते. कॅमेरा उलटा धरून तळव्यावर हलक्या टपल्या देत दहा मिनिटांनी आली एकदाची. फुगलेली परत चार्ज करायची नाही, अजून चालतेय म्हणूनही नाही.

बॅटरीचं आयुष्य वाढवायचं असेल तर जास्त दिवस ठेवताना फुल्ल चार्ज करून नाही आणि रिकामी करूनही नाही, अर्ध्यावर ठेवा, आणि मे महिन्यात पार्किंगमधल्या गाडीत कॅमेऱ्याची बॅग सोडू नका. पूर्ण उतरवून मगच चार्ज करा हे जुन्या निकेल-कॅडमियमच्या काळातलं ज्ञान आहे, लिथियमला त्याने नुकसानच होतं. महिनोन्महिने रिकामी पडलेली बॅटरी कधीकधी चार्जरच घेत नाही, दिवा लुकलुकत राहतो. आधी तिची टोकं पुसून बघा, दुसरी बॅटरी त्याच चार्जरवर चालते का बघा. चालत असेल तर ती पहिली गेली. व्हिडिओ बघून वायर लावून तिला "जागी" करायचे उद्योग घरात नकोत.

गणपतीत नवा विषय निघाला. सोसायटीच्या हॉलमधून आरती लाइव्ह करायची, कारण कुणाची मुलगी दुबईत, कुणाचा नातू अमेरिकेत, आणि कॅमेरा अर्थात माझा. यूएसबीने लॅपटॉपला जोडला. वरच्या मजल्यावरचे काका म्हणाले, लॅपटॉपला लावलाय म्हणजे चार्ज होतच असेल. नाही होत, १५००डी यूएसबीने चार्ज होत नाही, ती वायर फक्त चित्रासाठी. मग मी ऑनलाइन एक डमी बॅटरी मागवली, म्हणजे बॅटरीच्या आकाराचा पोकळ डबा, मागून वायर, वायरच्या टोकाला यूएसबी, ते पॉवर बँकेत. पहिल्या आरतीला छान. दुसरी सुरू होतेय तोवर कॅमेरा बंद. परत चालू, फोकस फिरला की बंद.

आता हे ओळखीचं वाटतंय ना? बाबांच्या सेलचाच आजार, फक्त वायरमधून आलेला. यूएसबीचे ५ व्होल्ट वर चढवून साडेसात-आठ करायचे म्हणजे पॉवर बँकेकडून करंट जास्त ओढावा लागतो, मी लावलेलं तोंड १ अँपिअरचं, वायर दोन मीटर आणि केसाएवढी बारीक, फोकसची मोटर फिरली की व्होल्टेज बसायचं. दुसऱ्या दिवशी २.४ अँपिअरच्या तोंडाला आखूड, जाड वायरने लावला आणि सगळ्या आरत्या एका दमात झाल्या. पॉवर बँकेची उलटी खोड पण असते, कॅमेरा झोपला आणि करंट फार कमी झाला की काही पॉवर बँका आपलं काम झालं समजून बंद होतात, तेव्हा कॅमेऱ्याचा ऑटो पॉवर ऑफ काढून ठेवा.

भिंतीचा प्लग जवळ असेल तर पॉवर बँक कशाला, कंपनीचं एसी अडाप्टर किट सगळ्यात निश्चिंत, १५००डीला एसीके-ई१०, निकॉनच्या ईएन-ईएल१४ वाल्यांना ईपी-५ए कनेक्टर आणि त्यासोबत त्यांचा अडाप्टर. डमीची वायर बाहेर काढायला बॅटरीच्या झाकणापाशी रबराची छोटी झडप किंवा खाच असते, ती न शोधता झाकण उघडं ठेवून लोक म्हणतात कॅमेरा चालूच होत नाही. होणार नाही, झाकण लागल्याशिवाय तो चालू होत नाही.

पॉवर बँकेचं गणित एकदा करून टाकते, कारण दहा हजार एमएएच म्हणजे माझी बॅटरी बारा वेळा चार्ज होईल असं मला आधी वाटायचं. ते दहा हजार आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचे, म्हणजे ३.७ गुणिले १० अँपिअर-अवर, ३७ वॉट-अवर, हे एकूण ऊर्जेचं माप. एलपी-ई१० म्हणजे ७.४ गुणिले ०.८६, साधारण ६.४ वॉट-अवर. कागदावर पावणेसहा वेळा, व्होल्टेज चढवण्या-उतरवण्यात गळती होते ती धरून तीन-चार वेळा समजा. बॅटऱ्यांची तुलना करायची तर वॉट-अवरवर करा, एमएएच वेगवेगळ्या व्होल्टेजचे असले तर त्यांची बरोबरी होत नाही. विमानात जाताना पण हाच आकडा विचारतात, १०० वॉट-अवरपर्यंतच्या जादा बॅटऱ्या आणि पॉवर बँक केबिन बॅगेत, चेक-इनमध्ये नाही, टोकांना चिकटपट्टी लावून.

नवा मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा घेणार असाल तर बॉडीआधी त्याची बॅटरी विचारा. सोनीच्या ए६४०० ला एनपी-एफडब्ल्यू५० आहे, १०२० एमएएच, आणि ए६७०० ला एनपी-एफझेड१००, २२८० एमएएच, दोन्हीचं व्होल्टेज सारखंच, म्हणजे दुपटीहून जास्त फरक. यूएसबीने चार्ज होतो म्हणतात तेव्हा कुठल्या चार्जरने ते पण विचारा, कॅननच्या आर सिरीजमधल्या बऱ्याच कॅमेऱ्यांना पॉवर डिलिव्हरीवाला, म्हणजे जास्त ताकद देणारा, चार्जर किंवा पॉवर बँक लागते, मोबाईलचा जुना चार्जर लावून काही होत नाही आणि लोकांना वाटतं पोर्ट गेला.

शेवटी बाबांच्याच कॅमेऱ्याची एक तक्रार राहिलीय, दर वेळी सेल बदलले की तारीख विचारतो. त्याचा पेन्सिल सेलशी थेट संबंध नाही, तारखेसाठी आत एक छोटा रिचार्जेबल सेल असतो आणि तो मोठ्या सेलवरून चार्ज होतो. आम्ही गळतीला घाबरून वापर झाला की लगेच सेल काढून ठेवायला लागलो, त्यामुळे तो उपाशीच राहत होता. चार्ज केलेले सेल टाकून दोन-तीन दिवस कॅमेरा बंद करून ठेवून बघा, एनआयएमएच अल्कलाइनसारखे गळत नाहीत सहसा. त्यानंतरही महिन्याच्या आत तारीख गेली तर आतला सेल बदलावा लागेल, ते दुकानात. सध्या कालपासून कॅमेरा टीव्हीच्या बाजूला ठेवलाय लाल ठिपक्याचे चार घालून, आणि आईला सांगितलंय त्यातला एकही घड्याळात जाणार नाही.